अंबारीच्या हत्तीवरचा आळ

पडद्याच्या डाव्या कडेतून आधी सोंड आत यायची, मग कपाळ, मग अंबारीचा पुढचा खांब, आणि तिथेच सगळं गोठायचं. बँडचा शेवटचा सूर भोंग्यासारखा लांबत राहायचा. काकू खुर्चीतून म्हणायच्या, "बंद कर ग. मेला परत."

खरं सांगते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लोकांना चालणारी यंत्रं आवडतात, मला अडणारी. म्हैसूरजवळ बेळगोळच्या कारखान्यात मी हेच करते, मशीनच्या आत बसणाऱ्या छोट्या प्रोग्राममधल्या खोड्या शोधते. आणि घरी येऊन छंद काय, तर जुने घरगुती संगणक जमवणं. आई साताऱ्याहून फोन करते तेव्हा विचारते, "अजून भंगारच आणतेस का?" मी "हो" म्हणते आणि विषय बदलते.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. अग्रहारात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. त्यांचे पूर्वज कधीतरी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं. माझ्या मराठीला त्या हसतात. "तू बोलतीस की पेपर वाचतीस?" असं मला तोंडावर विचारलं होतं. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई, त्यामुळे कुणाला काय विचारायचं याची भीड त्यांना नाही.

एके दिवशी मी जिन्यावरून जुना मॉनिटर वर चढवत होते, तर मागून आवाज आला, "असला डब्बा आमच्या माळ्यावर पण हाय." मी मॉनिटर जिन्यातच ठेवला आणि माळ्यावर चढले.

तिथे होता तो जुन्या साडीत गुंडाळलेला! सगळा संगणक कीबोर्डच्याच खोक्यात, कडेला फ्लॉपीची फट. गल्लीत मोजक्याच घरांत फोन होता त्या काळात काकूंच्या भावानं परदेशातून आणलेला. त्या पिढीतली ही यंत्रं चित्रं आणि आवाज यांत सगळ्यांच्या पुढे होती. काकू पुस्तक वाचून त्यावर प्रोग्राम लिहायला शिकल्या. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, ते माउस धरून पडद्यावर चित्रं काढायला लागले. दोघांच्या संसारातून त्या संगणकावर एक दसऱ्याची मिरवणूक निघाली.

म्हैसूरच्या घरांत दसऱ्याला पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात, त्यांना गोंबे म्हणतात. दरवर्षी निदान एक तरी नवीन बाहुली आणायचीच, हा नेम. काकूंच्या घरी पायऱ्यांच्या शेजारी टेबलावर संगणक मांडला जाई आणि तिथेही तोच नेम लागू झाला. दरवर्षी मिरवणुकीत एक नवं माणूस किंवा जनावर वाढायचं. एका वर्षी उंट, एका वर्षी ढोलवाला, एका वर्षी घोडेस्वार आणि एकदा तर चक्क सायकलवरचा आइस्क्रीमवाला. यजमान ते दार लावून काढायचे, त्याचा चालायचा वेग ठरवून स्वतःच फ्लॉपीवर टाकायचे, कुणाला दाखवायचे नाहीत. घटस्थापनेच्या दिवशी पडद्यावर आलं की सगळ्यांनी बघायचं. काकूंचं काम एवढंच, की चित्रांची नोंद ठेवायला मेमरीत जो तक्ता केला होता त्यात दरवर्षी एक घर वाढवायचं.

मग एका दसऱ्याला अंबारीचा हत्ती अडला. त्या वर्षीची नवी बाहुली हत्तीच्याही मागे, सगळ्यात शेवटी यायची होती. ती आलीच नाही. यजमान म्हणाले, "राहू दे, पुढच्या दसऱ्याला बघू." त्यानंतर काही आठवड्यांतच शाळेतून घरी येताना त्यांचं हृदय थांबलं.

"मग मी पुष्कळ वर्षं हत्ती दुरुस्त करत बसले," काकू म्हणाल्या. "तीनदा नवीन लिवला हत्ती. प्रत्येक वेळी तिथंच. चूक माझी, आणि अडकलं ह्यांचं चित्र." नंतर मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली, संगणक माळ्यावर गेला. तयार मिरवणुकीची फ्लॉपी तेवढी लोखंडी कपाटात दागिन्यांच्या शेजारी राहिली.

म्हणजे नवऱ्यानं काढलेलं शेवटचं चित्र या बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, काकू, एवढी वर्षं गप्प कशा बसलात? तर म्हणाल्या, "गप्प कुठं? कुणाला सांगायचं? आता मात्र घाई हाय." दोन्ही डोळ्यांचा मधला भाग वाळत चालला होता. समोर बघितलं की समोरचंच नाहीसं व्हायचं, कडेकडेचं दिसायचं. पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत त्या कडा तरी राहतील का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. कढीपत्ता संपलाय म्हणावं तशा सुरात त्यांनी हे सांगितलं. या वर्षीचा दसरा महिन्या-दीड महिन्यावर होता.

माझा स्वभाव उतावळा. मी लगेच म्हटलं, "मी फ्लॉपीवरची ती चित्राची फाइल सोडवते. तुम्ही गुंडाळून ठेवलीय तुमच्या पद्धतीनं, पण उलगडेल. रविवारी चित्र बघा, झालं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाकडे, कारण तसंच त्यांना दिसतं. "चोरून बघायचं? नवी बाहुली पायरीवर बसायच्या आधी बघतात का कोण? मिरवणुकीतच बघणार. माझ्या प्रोग्रामानं दाखवली पाहिजे."

"आणि नाही चालला प्रोग्राम तर?"

"तर तुला भाड्यानं घर देऊन काय उपयोग?"

मी कामाला लागले.

आता थोडं सांगायला हवं, की अशा यंत्रात चूक शोधणं एवढं अवघड का. आजच्या संगणकात प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची कुंपण घातलेली जागा असते. दुसऱ्याच्या जागेत हात घातला की यंत्र तिथल्या तिथे त्याला बाहेर काढतं. त्या जुन्या घरगुती यंत्रांत कुंपण नव्हतंच. सगळे प्रोग्राम एकाच मेमरीत, पंगतीला बसल्यासारखे, केळीच्या पानाला पान लावून. माझ्या पानावर वाढप्यानं सार जास्त ओतलं तर ते शेजाऱ्याच्या पानात शिरणार. आणि शेजाऱ्याला ते कळणार कधी, तर जेवणाच्या शेवटी तो जिलबी उचलतो आणि ती सारात भिजलेली निघते तेव्हा. बोंब जिलबीच्या वेळी उठते, सांडलेलं असतं वरणभाताच्या वेळी. तोवर वाढपी दुसऱ्या पंगतीत पोचलेला असतो.

म्हणून मेमरीत कोण कुठे बेकायदा हात घालतंय हे पकडायला हुशार लोकांनी पहारेकरी प्रोग्राम लिहून ठेवले होते. पण त्यातल्या खऱ्या पहारेकऱ्याला प्रोसेसरची साथ लागते, आणि काकूंच्या साध्या यंत्रातल्या प्रोसेसरला ते जमत नव्हतं. माझ्याकडे मात्र त्याच घराण्यातलं थोरलं भावंड होतं, दमदार प्रोसेसरचं. आईच्या भाषेतलं भंगार! मला इतकं स्फुरण चढलं की ऑफिसमध्ये दोन मीटिंगांत मी भलत्याच प्रश्नांची उत्तरं दिली.

पहिला रविवार फ्लॉपीची नक्कल करण्यात गेला. जुनी फ्लॉपी वाचताना जीव मुठीत धरावा लागतो. ड्राइव्ह करकरतो, थांबतो, परत तीच जागा वाचतो. एका जागी तो इतका वेळ अडला की काकूंनी देवाच्या फोटोकडे तोंड करून कन्नडमध्ये काहीतरी बजावलं. विनंती नव्हती ती, दमच होता. आणि वाचलं की त्यानं! मी टाळी वाजवली, काकूंनी कपाळावर मारून घेतलं आणि हसल्या. ती नक्कल माझ्या यंत्रावर पुन्हा पुन्हा लावून बघितली, दर वेळी हत्ती तिथेच मेला.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी मंडी मोहल्ल्याच्या बाजारातून तार आणि जोडण्या घेऊन आले आणि माझ्याकडचे दोन संगणक एकमेकांना जोडले. पहारेकरी आपला अहवाल तारेवरून दुसऱ्या यंत्राला पाठवतो. कारण ज्या यंत्रात गुन्हा घडतो ते बोलता बोलताच मरायची शक्यता असते. एका पडद्यावर मिरवणूक, दुसऱ्यावर पहारेकऱ्याची वही कोरी. काकू मध्ये बसल्या.

बँड वाजला. उंट गेला, ढोलवाला गेला, आइस्क्रीमवाला घंटा वाजवत गेला. सोंड आली, कपाळ आलं आणि तारेपलीकडच्या पडद्यावर ओळ उमटली! एकामागून एक ओळी, पत्ते, आकडे. बेकायदा वाचन, जिथे मेमरीच नाही अशा पत्त्यावर.

"पकडला!" मी ओरडले.

"कोण? कोण ग?"

मी पत्ता जुळवून पाहिला आणि माझा चेहरा पडला. हात घालणारा काकूंचा प्रोग्राम नव्हताच. खुद्द यंत्राचा मेमरी वाटणारा कारभारी होता, जो मागेल त्याला जागा मोजून देतो.

"म्हणजे माझी चूक नव्हेच?" काकू ताठ बसल्या. "त्या डब्ब्याचीच?"

मला तसं म्हणायचा फार मोह झाला. पण कारभारी भलत्या पत्त्यावर गेला, कारण त्याच्या यादीतला पत्ताच कुणीतरी आधी पुसून भलता लिहिला होता. अंबारीचा हत्ती मोठा, त्याच्या चित्राला जागाही मोठी लागते. ती मागायला प्रोग्राम कारभाऱ्याकडे गेला, कारभाऱ्यानं यादी उघडली, यादी नासलेली. हीच ती सारात भिजलेली जिलबी.

"काकू," मी म्हटलं, "तुमच्या हत्तीनं काहीही केलेलं नाही. तो फक्त वाईट वेळी आला."

काकूंनी पडद्यावर अडलेल्या सोंडेकडे मान तिरकी केली. मग म्हणाल्या, "अय्यो. तीनदा लिवला ग मी त्याला." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. इतकी वर्षं हत्तीवर आळ, आणि वाढपी मोकळा.

आता वाढप्याला पकडायचं होतं. कुणाच्याच मालकीची नसलेली जागा कुणी शिवली तर पहिला पहारेकरी ओरडतो. इथे एका मालकाच्या पानातून दुसऱ्याच्या पानात सांडलं होतं, त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. त्यासाठी दुसरा होता. त्याची युक्ती ऐकून काकू तर खूषच झाल्या. कुणीही मेमरी मागितली की हा मागितल्यापेक्षा थोडी जास्त घेतो आणि मागितलेल्या जागेच्या आगेमागे एक ठरलेली नक्षी भरून ठेवतो. मग थोड्या थोड्या वेळानं फेरी मारून बघतो, नक्षी जशीच्या तशी आहे ना.

"दारात रांगोळी काढून ठेवायची, आणि कुणाचा पाय पडलाय ते बघायचं," काकू म्हणाल्या. "हे आम्हाला आदीच ठावं हाय. शेजारच्यांची गाय आत येते का, असंच बघतो की."

मी दुसरा पहारेकरी बसवला. मिरवणूक परत सुरू केली. आणि हत्ती सोडा, अजून पहिला उंटसुद्धा नीट आत आला नव्हता, एवढ्यात तारेपलीकडे ओळी धडाधड उतरल्या! एका जागेच्या शेवटच्या कडेची नक्षी मोडली. जागेचा आकार अमुक. जागा मागणारी सूचना प्रोग्रामच्या अमुक ठिकाणी. अगदी सुरुवातीला, फ्लॉपीवरून चित्रं आत घेतानाच! मी खुर्चीवरून उठून अक्षरशः उड्या मारल्या. खालच्या बिऱ्हाडात घरमालकीण राहते म्हणून उड्यांचा धाक असतो, पण घरमालकीण माझ्याच खोलीत बसून विचारत होती, "काय झालं? सांग की ग! उड्या काय मारतीस?"

मी ओळी वाचून दाखवत होते, त्या ऐकत होत्या, आणि आमच्या पाठीमागे बँड वाजत होता. बँड वाजतच राहिला. हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मी वळून पाहिलं तर हत्ती पडद्याच्या मध्यावर होता. सोंड, कपाळ, सोन्याची अंबारी, तिच्यात बसलेली देवी, मागचे पाय, शेपूट. सगळा हत्ती! आपल्या पायांनी डुलत चालला होता.

"काकू, हत्ती चालला!"

असं का झालं ते माझ्या आधी त्यांना कळलं असावं असं मला नंतर वाटलं, गणिताच्या बाई त्या. पहारेकऱ्यानं प्रत्येक जागेच्या कडेला नक्षीसाठी जास्तीची जागा सोडली होती. सांडलेलं सार आता त्या रिकाम्या पट्टीत पडत होतं, शेजाऱ्याच्या पानात नाही. पहारा बसवल्यामुळे गुन्हा घडूनही कुणाचं नुकसान होत नव्हतं. हत्तीची शेपूट उजव्या कडेला पोचत होती, आणि त्याच्या मागे काय आहे ते आता डाव्या कडेतून येणार होतं.

"बंद कर!" काकूंनी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"काकू, बघा! आता येतंय!"

"बंद कर म्हणते ना! आज नको. कुबड्या लावून नको. बंद कर ग, अम्मा."

मी मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. बँड थोडा वेळ वाजून थांबला. मला रडूच येईल असं वाटत होतं. आणि रागही आला, सरळ सांगते. दिसत होतं ते सोडून पुढच्याची वाट बघायची, तीसुद्धा असल्या डोळ्यांनी? उद्या फ्लॉपीच गेली तर? मी हे सगळं बोलून दाखवलं, जरा चढ्या आवाजातच.

काकूंनी डोळ्यांवरचे हात काढले. "तू चिडतीस ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण मी ह्यांना सांगितलं होतं, पुढच्या दसऱ्याला चालवून दाखवते. पहारेकऱ्यानं चालवली म्हणजे मी चालवली होत नाही." मग माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, "वाच. ती जागा मागणारी सूचना वाच."

दुपारभर मी वाचत राहिले. मूळ प्रोग्राम बुरशीनं खाल्लेला, हाती फक्त यंत्राला कळणारे आकडे. त्यांचा अर्थ लावून मी एक एक सूचना मोठ्यानं सांगायची आणि काकूंनी डोळे मिटून ऐकायचं. "त्याच्या आधी शून्य भरते का सगळीकडं? मग ती माझीच. मी आधी झाडून घ्यायची." थोड्या वेळानं, "हौदु, हौदु, बरोबर, इथं तक्ता. इथं मी दरवर्षी एक वाढवायची. आकडा किती लिवलाय?"

मी आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर उंट, घोडा, ढोलवाला असं सगळं मोजून काढलं, त्यात त्या शेवटच्या वर्षाची नवी बाहुलीही धरली. "बरोबर हाय. एक पण कमी नाही."

मग मी फ्लॉपीवरच्या चित्रांच्या फाइली मोजल्या. परत मोजल्या. "काकू, फाइली एकानं जास्त आहेत. शेवटच्या वर्षी नव्या दोन घातल्यात."

"दोन? एकच घालायची की! नेम एकाचा…" आणि त्या मध्येच थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मी आकडे बघायचं विसरले. "जोडी," त्या म्हणाल्या. "अय्यो देवा. जोडी केली ह्यांनी."

माझ्या डोक्यात प्रकाश पडेना, तेव्हा त्यांनी समजावलं. पायऱ्यांवर सगळ्यात मानाचे असतात ते पट्टद गोंबे, लाकडाचे राजाराणी. लग्नात मुलीची आई देते. त्यातला एकटा राजा कुणी मांडत नाही, एकटी राणीही नाही. जोडी आणली तरी नेमात ती एकच नवी बाहुली धरायची. चित्रं काढणाऱ्याच्या हिशेबात एक बाहुली, तक्ता आखणारीच्या हिशेबात एक घर. दोघांचाही हिशेब चोख, आणि राणीला किंवा राजाला बसायला जागा नाही! तक्त्यात मावेना म्हणून कारभाऱ्याची यादी पुसून तिथे बसलेली ती दुसरी बाहुली.

"इतकी वर्षं मी मला शिव्या घातल्या," काकू म्हणाल्या, "आणि ह्यांनी गुपचूप दोन घातले! विचारायचं तरी! 'दोन घालू का' एवढं विचारलं असतं तर?" त्या खूप चिडल्या होत्या आणि चिडता चिडता हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. माणूस जाऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याच्याशी भांडायला नवा विषय मिळाला होता. मीही त्यांच्याबरोबर हसत सुटले. कुणी जिन्यात आलं असतं तर दोघींना वेड लागलंय म्हणालं असतं.

दुरुस्ती म्हणजे एक आकडा. फक्त एकच, एकानं वाढवायचा. तो मी नाही घातला. काकूंनी कीबोर्डवर बोटं फिरवून स्वतः शोधला आणि स्वतः दाबला. मग विचारलं, "झालं? आयतु?" मी म्हटलं, झालं.

घटस्थापनेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. काकूंच्या यंत्राचा वीजपुरवठा बदलून त्यांचंच यंत्र चालतं केलं, पहारेकरी बिहारेकरी काही नाही. हत्ती परत चालवून बघू या म्हटलं तर नाही म्हणाल्या. सगळं त्याच दिवशी. मी म्हटलं, काकू, असं कुणी करत नाही, आधी तपासून बघतात. "मी तपासलंय," त्यांनी कपाळाला बोट लावलं.

घटस्थापनेच्या दुपारी पायऱ्या मांडून झाल्या. लाकडी राजाराणी सगळ्यात वर. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, त्याआधी आम्ही दोघीच होतो. काकू पडद्यासमोर नाही, पडद्याला थोडं तिरकं बसल्या, मान वळवून, म्हणजे डोळ्यांच्या कडेत मिरवणूक राहील. हलणारं कडेला जास्त दिसतं, असं त्यांनी सांगितलं. मी फ्लॉपी घातली.

बँड. उंट. ढोल. घोडेस्वार. आइस्क्रीमवाल्याला काकूंनी हातानं "जा जा" केलं. सोंड आली. कपाळ आलं. अंबारीचा पुढचा खांब आला. मागचा खांब आला! पाय आले, शेपूट आली, आणि काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. हत्ती डुलत डुलत पूर्ण पडदा ओलांडून पलीकडे गेला. मी ओरडणार होते, पण डाव्या कडेतून काठीचं टोक आत आलं होतं.

राजाराणी नव्हते ते. एक म्हातारा होता, डोक्यावर म्हैसुरी पेटा, हातात काठी. भिंतीवरच्या फोटोतल्या तरुण यजमानांचे मोठाले कान त्याला होते. त्याच्या जोडीला म्हातारी, चष्मा लावलेली, लहानसा अंबाडा. मिरवणुकीच्या सगळ्यात मागे, रस्ता रिकामा झाल्यावर, दोघं मजेत चालले होते. म्हातारी काहीतरी सुनावत असावी, तिचा एक हात सारखा वर जात होता. मी शेजारी बसलेल्या काकूंकडे पाहिलं आणि परत पडद्याकडे. नाकसुद्धा बरोबर होतं.

"माणसं हायत," काकू म्हणाल्या. "जोडीच हाय. कोण ग ते? मला चेहरे नाही दिसत."

"तुम्ही दोघं आहात, काकू."

त्यांनी मान आणखी थोडी वळवली. "डोक्यावर पांढरं काय हाय?"

"केस. पांढरे काढलेत."

"ह्यांचे पण?"

"पेट्याखालून दिसतायत थोडे. हो, पांढरेच."

"जाताना काळे होते की," त्या म्हणाल्या. "एक पण पांढरा नव्हता."

बाहेर फाटक वाजलं, पहिल्या बायका आल्या होत्या, अंगणात बोलण्याचा आवाज येऊ लागला. बँड थांबला होता. बाकी सगळी मिरवणूक केव्हाच पार झाली होती, तरी ते दोघं अजून पडद्याच्या मध्यापर्यंतही पोचले नव्हते. यजमानांनी त्यांना सगळ्यांत कमी वेग दिला होता. मी दार उघडायला उठले आणि सवयीनं माझा हात बटणाकडे गेला.

"इरली, राहू दे," काकू म्हणाल्या. मान तशीच तिरकी होती. "बायका थांबतील घडीभर. हे सावकाश चालतायत, जाऊ दे त्यांना."